मुक्त व्यापार करार आणि शेती

दोन किंवा अधिक देश परस्परांच्या मालावरील आयातशुल्क काढून टाकतात किंवा टप्प्याटप्प्याने शून्यावर आणतात, तेव्हा त्या कराराचे शेतकरी कुटुंबे, शेतमजूर व बाजारगावे यांच्यावर होणारे परिणाम हा या नोंदीचा विषय आहे.

अशा करारांचा आरंभ कोठे धरावा, याविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक इंग्लंड व पोर्तुगाल यांच्यातील १७०३ च्या मेथ्यूएन तहापर्यंत मागे जातात. त्या तहाने पोर्तुगीज वाइनवरील जकात फ्रेंच वाइनपेक्षा एकतृतीयांशाने कमी ठरली आणि त्या बदल्यात इंग्रजी लोकरी कापडाला पोर्तुगालची बाजारपेठ खुली झाली. मात्र ती केवळ सवलत होती. ब्रिटनने १८४६ मध्ये धान्य कायदे (आयात धान्यावर जकात लावणारे कायदे) रद्द केले, तेही एकतर्फी. म्हणून दोन्ही बाजूंनी शुल्क घटवणारा १८६० चा ब्रिटन–फ्रान्स करार हा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

आजच्या करारांना १९४७ च्या गॅट (जकात व व्यापारविषयक सर्वसाधारण करार) या बहुराष्ट्रीय करारातील कलम २४ चा आधार आहे. ‘जवळजवळ सर्व व्यापार’ शुल्कमुक्त असावा, अशी त्यातील अट. पण ‘जवळजवळ’ म्हणजे किती, हे कलम सांगत नाही. युरोपीय आर्थिक समुदायाच्या सहा संस्थापक देशांनी ८० टक्क्यांचे माप सुचवले होते, ते सर्वमान्य झाले नाही. याच संदिग्धतेच्या आडोशाने १९६० च्या युरोपीय मुक्त व्यापार संघटनेला शेतमाल बव्हंशी बाहेर ठेवता आला. कपातीचा अवधी सहसा १० वर्षांहून जास्त नसावा, हे १९९४ मध्ये ठरले.

सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण मेक्सिकोच्या मक्याचे. अमेरिका, कॅनडा व मेक्सिको यांच्यातील उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करार (नाफ्टा) १ जानेवारी १९९४ रोजी लागू झाला. त्याच दिवशी मेक्सिकोच्या चियापास या दक्षिणेकडील राज्यात झापातिस्तांनी (मुख्यतः आदिवासी शेतकऱ्यांच्या सशस्त्र संघटनेने) उठाव केला. अमेरिकी मक्याचा आरंभीचा शुल्कमुक्त कोटा २५ लाख टन होता, त्यापुढील मक्यावर २१५ टक्के शुल्क होते आणि ते २००८ पर्यंत शून्यावर यायचे होते. कोट्यापलीकडच्या मक्यावरील हे शुल्क मेक्सिकोने बहुतांशी वसूलच केले नाही, त्यामुळे १५ वर्षांचे संरक्षण कागदावरच राहिले. भाव पडले, उत्पादन मात्र घटण्याऐवजी वाढले. याचे एक कारण असे की, आयात मका मुख्यतः पिवळा, पशुखाद्याचा. तोर्तिया (मक्याच्या भाकऱ्या) होतात त्या पांढऱ्या मक्याच्या. दुसरे कारण सिनालोआ या वायव्येकडील राज्यातील बागायती शेती. कोरडवाहू डोंगराळ भागात ‘मिल्पा’ पद्धत आहे : मका, घेवडा व भोपळा एकाच वावरात. हे पीक आधी घरच्या तव्यावर जाते, म्हणून भाव कोसळला तरी पेरा थांबत नाही. घरातील तरुण मात्र रोजगारासाठी बाहेर पडतात. शेतीतील रोजगार १९९३ मधील सुमारे ८१ लाखांवरून २००२ पर्यंत सुमारे ६८ लाखांवर आला. ही सगळी घट कराराच्या माथी मारणे कठीण आहे. एहिदो या सामूहिक जमिनींविषयीची घटनादुरुस्ती (१९९२), पेसो या मेक्सिकन चलनाचे संकट (डिसेंबर १९९४) आणि कोनासुपो ही सरकारी खरेदी यंत्रणा बंद होणे (१९९९) या घडामोडी त्याच दशकातल्या. आयातीपेक्षाही, सरकारी खरेदीचा आधार त्याच काळात सुटला, हे स्पष्टीकरण अधिक वजनदार वाटते.

निर्यातीचा लाभ टोमॅटो, बेरी व अ‍ॅव्होकॅडो यांना झाला. त्यातही अ‍ॅव्होकॅडोची अडचण शुल्काची नव्हतीच. किडीच्या कारणावरून १९१४ पासून असलेली अमेरिकी बंदी करार लागू झाल्यावरही टिकली. १९९७ मध्ये मेक्सिकोतील मिचोआकान राज्याच्या फळांना काही अमेरिकी राज्यांपुरती व हिवाळ्यापुरती वाट मिळाली.

अलीकडच्या काही करारांत बियाण्यांचाही विषय येतो. अमेरिकेने मध्य अमेरिकी देशांशी केलेल्या करारात ‘युपोव्ह’ या वनस्पतिवाण संरक्षण कराराची १९९१ ची आवृत्ती स्वीकारण्याची अट आहे. तिच्यानुसार संरक्षित वाणाचे घरचे बी स्वतःच्या शेतात पुन्हा पेरण्याची मुभा प्रत्येक देशाने द्यायची की नाही, हे ऐच्छिक आहे. तेच बी शेजाऱ्याला देणे त्या मुभेत बसत नाही.