बालून आणि नवी झडप: दोन्ही मांडीतूनच, पण एक नव्हे

शेजारच्या मावशींचा खानापूरचा नातू परवा राजहंसगडाच्या चढावर धापा टाकत खाली बसला. वय २२. दोन वर्षांचा असताना ओठ निळे पडायचे म्हणून हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. आता तपासणीत निघालं, फुफ्फुसाकडची झडप गळते. मावशी म्हणाल्या, "मग बालून करून घ्या की! चिकोडीच्या पाहुण्यांच्या पोरीचं केलंय, दोन दिवसांत घरी आली."

त्या पोरीची झडप अरुंद होती. पाकळ्या जन्मतः चिकटलेल्या, त्यामुळे दार पुरतं उघडायचंच नाही. मांडीच्या शिरेतून नळी नेऊन फुगा फुगवला की पाकळ्या सुटतात. १९८२ पासून हा उपाय आहे आणि चांगला आहे.

नातवाचं दार मिटतच नाही. त्याला फॅलोट टेट्रालॉजी हा जन्मजात हृदयदोष, त्यात फुफ्फुसाकडची वाटही अरुंद असते. त्या ऑपरेशनात अरुंद वाट मोकळी करायला बरेचदा झडपेच्या कड्यापार चीर देऊन ठिगळ लावतात. मूल वाचतं, ही मोठीच गोष्ट. पण झडप निकामी होते. मग दर ठोक्याला फुफ्फुसाकडे गेलेलं थोडं रक्त माघारी येतं आणि हृदयाचा उजवा कप्पा वर्षानुवर्षं गुपचूप ताणत जातो. म्हणूनच "लहानपणी बरा झाला" म्हणून तपासण्या सोडणं मला फार घातक वाटतं. मिटत नसलेलं दार फुग्याने आणखी ताणून काय साधणार?

तिथे नवी झडपच लागते. २००० साली पॅरिसमध्ये हृदयतज्ज्ञ बोनहोफर यांनी १२ वर्षांच्या मुलाला ती पहिल्यांदा नळीतून बसवली. गाईगुरांच्या मानेच्या शिरेतली झडप, धातूच्या जाळीत शिवलेली. पण ती बसली हृदयापासून फुफ्फुसाकडे शस्त्रक्रियेत पूर्वी घातलेल्या कृत्रिम नळीत. ठिगळामुळे सैल झालेल्या रुंद वाटेत ती ठरत नाही. त्यासाठी आपोआप उमलणाऱ्या मोठ्या झडपा नंतर आल्या. तरी जागा जुळली नाही तर छाती उघडूनच झडप बदलावी लागते.

घोळ होतो तो इथे: नवी झडप बसवण्याआधीही फुगा फुगवतात. शेजारून हृदयाची स्वतःची रक्तवाहिनी जाते, ती दबते का हे पाहायला. कागदावर 'बालून' दिसला म्हणजे उपाय झाला, असं नव्हे.

कधी बसवायची हे बरंचसं एमआरआयवर ठरतं, कारण उजव्या कप्प्याचं माप त्यात नेमकं कळतं. मावशींनी ट्रंकेतून जुनी फाइल काढली. पिवळ्या पडलेल्या कागदावर ठिगळाची नोंद होती. तो कागद आता एमआरआयच्या चिठ्ठीला टाचून ठेवलाय.