मांजराचं रक्त पुन्हा का तपासायचं?

म्हापशाच्या मासळी बाजारात सापडलेलं पिल्लू शेजारच्या काकींनी घरी आणलं. फिलाइन ल्युकेमिया या मांजरांच्या विषाणूजन्य आजाराची तपासणी निगेटिव्ह आली. तरीही डॉक्टर म्हणाले, महिन्याने पुन्हा तपासू, तोवर घरच्या दोन मांजरांत सोडू नका. काकींना हा उगाच खर्च वाटला. पण डॉक्टरांचंच बरोबर होतं.

१९६४ साली ग्लासगोमध्ये विल्यम जॅरेट आणि सहकाऱ्यांना सापडलेला हा विषाणू मुख्यतः लाळेतून पसरतो. मांजरांनी एकमेकांना चाटणं, बांगड्याची डोकी एकाच ताटलीत खाणं, एवढंही पुरतं. नेहमीची तपासणी रक्तात विषाणूचं पी-२७ हे प्रथिन शोधते. लागण झाल्यावर ते सापडण्याइतकं वाढायला साधारण ३० दिवस लागू शकतात. कालच लागण झाली असेल, तर आजचा रिपोर्ट निगेटिव्हच येणार.

खरी कमाल पुढे आहे. या विषाणूची माहिती आरएनएमध्ये असते. पेशीत शिरल्यावर रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज हे विकर (एन्झाइम) त्या आरएनएवरून डीएनए तयार करतं. एरवी डीएनएवरून आरएनए बनतो; हे उलटं लेखन १९७० मध्ये टेमिन आणि बाल्टिमोर या शास्त्रज्ञांनी दाखवलं, १९७५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तयार झालेला डीएनए मांजराच्या गुणसूत्रातच जाऊन बसतो. याला प्रोव्हायरस म्हणतात. पेशी दुभंगली की तोही दोन्हीकडे जातो. काही मांजरांची प्रतिकारशक्ती नवे विषाणू बनणं रोखते, तेव्हा पी-२७ रक्तातून दिसेनासं होतं, पण प्रोव्हायरस अस्थिमज्जेत राहतोच. तो पीसीआर या डीएनए शोधणाऱ्या तपासणीने सापडतो. म्हणून पॉझिटिव्ह रिपोर्टही दुसऱ्या पद्धतीने पडताळावा, एका रिपोर्टवरून मांजराला मारून टाकणं हा अन्याय आहे.

दृष्ट काढून किंवा 'इम्युनिटी'चे थेंब पाजून गुणसूत्रात बसलेला डीएनए निघत नाही. असली आशा विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. हा विषाणू माणसाला होत नाही, हेही भिणाऱ्यांना सांगायला हवं.

एफआयव्ही हा मांजरांची प्रतिकारशक्ती कमी करणारा वेगळा विषाणू. तो बहुतेक वेळा बोक्यांच्या भांडणातल्या चाव्यातून पसरतो. त्याच्या तपासणीत विषाणू नव्हे, त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं (अँटिबॉडी) शोधतात, आणि ती तयार व्हायला ६० दिवसही लागतात. शिवाय आईच्या दुधातून आलेल्या प्रतिपिंडांमुळे निरोगी पिल्लूही पॉझिटिव्ह दिसू शकतं. अशा पिल्लाची तपासणी सहा महिन्यांचं झाल्यावर पुन्हा करतात.

काकींनी पिल्लाला मागच्या खोलीत वेगळी ताटली दिली आहे. दुसरी तपासणी चवथीनंतर आहे.