कुंपणाला लावलंय ते कोयनेल की मेंदी?

मेंदी कोणाला सांगायला नको. हातावर रंगते, तिच्या फुलांचं अत्तर होतं, राजस्थानात सोजतला तिची शेतं आहेत. पण कातरलेलं हिरवं कुंपण दिसलं की त्याला सरसकट मेंदी म्हणणं आता थांबवा. त्यातलं पुष्कळसं कोयनेल असतं, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूत आणि खाडीच्या कडेला आपसूक वाढणारं, बारमाही हिरवं झुडूप. कूळसुद्धा वेगळं: कोयनेल तुळशीच्या कुळातलं, मेंदी डाळिंबाच्या.

फुलं पाहिली तर गफलत होणारच नाही. कोयनेलच्या पांढऱ्या फुलातून लांब, जांभळट पुंकेसर बाहेर आलेले असतात, मेंदीला बारीक फुलांचे घोस येतात. अडचण अशी की सतत कातरलेल्या कुंपणाला फुलं धरतच नाहीत. पानं दोन्हीकडे समोरासमोर, कडा दोन्हींच्या सरळ. कोयनेलचं पान मोठं असतं खरं, पण छाटणीनंतरची कोवळी पालवी लहान असते आणि तिथेच लोक फसतात. म्हणून आकार सोडा, पान बोटांत धरून बघा. कोयनेलचं जाड, तुकतुकीत लागतं, मेंदीचं पातळ. मग जुन्या फांद्या तपासा: मेंदीच्या आखूड फांद्यांची टोकं काट्यासारखी होतात, कोयनेलला काटा नसतो. तरीही शंका उरली तर पानं पाण्यात वाटून अर्धा तास तळव्यावर ठेवा. मेंदी केशरी डाग सोडेल, कोयनेलचा हिरवा रस धुतला की गेला.

हे कळायला हवं, कारण दोघांचा स्वभाव वेगळा. मेंदी कोरड्या हवेतली, पाण्याचा ताण पडला की पानं गाळते आणि कुंपण उघडं पडतं. कोयनेल खारा वारा, वाळू, भरतीचं पाणी सगळं सोसतं. त्याची फळं पाण्यावर तरंगत नव्या किनाऱ्याला लागतात, जमिनीला टेकलेल्या फांद्या मुळं धरतात आणि वाळू जागेवर राहते. पाला कडू, त्यामुळे गुरं तोंड लावत नाहीत. कोकणात बंगल्यासमोरचं असं जातिवंत कोयनेल उपटून विकतची मेंदी लावताना बघितलं की जीव तुटतो. किनाऱ्यालगत कुंपण करायचं तर कोयनेलच लावा. बागेत हत्ती-मोर कातरायलाही तेच चांगलं. मेंदी परसात एका बाजूला, न कातरता वाढू द्या, म्हणजे फुलेल.

कोयनेलच्या वीतभर काड्या पावसाच्या तोंडावर फूटभर अंतरावर खोचा आणि पहिल्या वर्षी बुडाजवळून छाटा. उंचीची घाई केली तर खालून विरळ राहतं.