उलटी झाली म्हणजे शरीर ‘साफ’ झालं असं नव्हे

सकाळी उपाशीपोटी दुधीचा रस घेतला आणि थोड्या वेळात पोटात कळा येऊन उलट्या-जुलाब सुरू झाले, तर ‘डिटॉक्स’ करणाऱ्याला, म्हणजे शरीरातली विषारी द्रव्यं काढायला म्हणून काही दिवस नुसत्या रसांवर राहणाऱ्याला, ते चांगलंच लक्षण वाटतं. साठलेली घाण बाहेर पडते आहे, एक-दोन दिवस त्रास होणारच, असं त्याला आधीच सांगितलेलं असतं. या प्रकारच्या आहारातली सर्वात घातक गोष्ट मला हीच वाटते. धोक्याच्या खुणेलाच इथे गुण आल्याची खूण मानलं जातं, आणि दवाखाना गाठण्याचे मोलाचे तास घरीच निघून जातात.

दुधी, काकडी, दोडका या वेलवर्गीय भाज्यांमध्ये कुकरबिटासिन नावाची कडू द्रव्यं असतात. किडी आणि जनावरांपासून बचावासाठी वेल ती तयार करतो. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून शेतकऱ्यांनी हा कडवटपणा जवळजवळ घालवला, पण पाण्याचा ताण, कडक ऊन किंवा रानटी जातीशी झालेला संकर यांमुळे एखाद्या फळात तो परत येतो. बाहेरून ते फळ इतरांसारखंच दिसतं. शिजवल्यानेही हे विष नाहीसं होत नाही. २०१५ मध्ये जर्मनीत शेजाऱ्यांच्या बागेतल्या कडू झुकिनीची (काकडीसारखी दिसणारी, भोपळ्याच्या जातीची भाजी) शिजवलेली भाजी खाऊन एका वृद्ध गृहस्थांचा मृत्यू झाला होता.

भाजी करताना आपण सहसा वाचतो, कारण कडू घास कोणी पुढे खात नाही. रसाचं तसं नाही. आख्खा दुधी एका ग्लासात उतरतो, त्यात आवळा, आलं, लिंबू, कधी कारलंही पडतं आणि मूळ कडवटपणा झाकला जातो. शिवाय औषध कडूच असायचं, या समजुतीने माणूस तो एका दमात पितो. २०१० मध्ये दिल्लीत दुधी आणि कारल्याचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञांचा मृत्यू झाला, त्यांची पत्नी वाचली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. कडू दुधीच्या रसाने पोटदुखी, उलट्या, रक्ताच्या उलट्या, जुलाब होतात आणि रक्तदाब कोसळतो, तसंच यावर उतारा नाही, हे तिने स्पष्ट केलं. तरीही २०१८ च्या जूनमध्ये पुण्यात ४१ वर्षांच्या एका महिलेचा दुधीचा रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला.

मूत्रपिंडाला होणारी इजा याहून चोरपावलांनी येते. पालक, बीट यांत ऑक्झलेट नावाचं द्रव्य भरपूर असतं. जेवणात दूध-दही असलं तर त्यातलं कॅल्शियम आतड्यातच ऑक्झलेटला बांधतं आणि ते शौचावाटे जातं. पालक उकळून पाणी टाकलं तरी बरंचसं ऑक्झलेट निघून जातं. पण दिवसचे दिवस नुसता कच्चा हिरवा रसच घेतला, तर ते रक्तात शिरतं आणि मूत्रपिंडाच्या बारीक नलिकांमध्ये त्याचे स्फटिक साचू शकतात. केरळमध्ये कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून बिंबल या ऑक्झलेटने भरलेल्या आंबट फळाचा दाट रस प्यायलेल्या दहा जणांची मूत्रपिंडं अचानक निकामी झाली. त्यांपैकी सात जणांना डायलिसिस करावं लागलं. कोकण-गोव्यात बिंबलं परसदारी असतात, कालवणात दोन-चार पडतात, त्याने काही बिघडत नाही. बिघाड होतो तो ग्लासभर रसाने.

खरं तर हे शुद्धीकरण शरीरात अखंड चालूच असतं. निरोगी मूत्रपिंडं दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात. यकृत अमोनियाचं युरियात रूपांतर करतं, आणि अनेक घातक द्रव्यांना निकामी करणारं ग्लुटाथायोन प्रथिनांच्याच घटकांपासून बनवतं. म्हणजे यकृताला मदत करायला निघालेला माणूस डाळ, दूध, अंडी बंद करून त्याचाच कच्चा माल तोडतो.

मधुमेहाची औषधं किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर असले उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत, साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. भसाभसा पाणी पिण्यानेही रक्तातलं सोडियम घटून झटके येऊ शकतात.

दुधी वापरण्याआधी एक छोटी फोड चाखावी, कडू लागली तर थुंकून आख्खं फळ टाकून द्यावं. रसानंतर उलट्या सुरू झाल्या तर वाट न पाहता रुग्णालय गाठावं आणि काय, किती, कधी प्यायलो हे स्वतःहून सांगावं. लक्षणं साध्या अन्नविषबाधेसारखीच दिसतात, त्यामुळे रसाचा उल्लेख केला नाही तर डॉक्टरांचं तिकडे लक्षही जाणार नाही.