सुवार्ताप्रसार आणि अंतकाळाची भाकिते

येशू ख्रिस्त पुन्हा येणार आहे. तो केव्हा येईल हे कोणालाही ठाऊक नाही. आणि तो येईपर्यंत त्याची सुवार्ता सर्व लोकांना सांगणे हे मंडळीचे, म्हणजे चर्चचे, कर्तव्य आहे. ख्रिस्ती श्रद्धेतील या तीन गोष्टी नव्या करारात एकमेकींना धरून येतात. मंडळीच्या इतिहासात मात्र मधल्या गोष्टीचा वारंवार विसर पडला. युद्ध, भूकंप, रोगाची साथ, सत्तापालट असे काही घडले की दानीएल व प्रकटीकरण ही बायबलमधील भविष्यवाणीची पुस्तके उघडून वर्षांची बेरीज-वजाबाकी सुरू होते. मग सुवार्ता सांगण्याचे काम एक तर भीतीच्या भरात होते, नाहीतर मागे पडते.

या कर्तव्याचा मुख्य आधार म्हणजे मत्तयकृत शुभवर्तमानाच्या शेवटी येणारी, ‘महान आज्ञा’ म्हणून ओळखली जाणारी वचने (२८:१८–२०). सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा, असे सांगून येशू युगाच्या समाप्तीपर्यंत सोबत राहण्याचे अभिवचन देतो. त्याच शुभवर्तमानात त्या दिवसाविषयी व घटकेविषयी पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही, असेही त्याने म्हटले आहे (२४:३६). प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पहिल्याच अध्यायात दोन्ही गोष्टी एकत्र येतात. इस्राएलाचे राज्य याच काळात परत स्थापणार काय, असे शिष्य पुनरुत्थित येशूला विचारतात. काळ व समय पित्याने स्वतःच्या अधिकारात ठेवले आहेत, ते जाणणे तुमच्याकडे नाही, असे उत्तर मिळते. आणि त्यालाच जोडून, पवित्र आत्मा आल्यावर यरुशलेमेपासून पृथ्वीच्या शेवटापर्यंत तुम्ही माझे साक्षी व्हाल, असे तो सांगतो. तो वर घेतला गेल्यावर शिष्य आकाशाकडे टक लावून उभे राहतात. शुभ्र वस्त्रे घातलेले दोन पुरुष तेथे येऊन, असे का उभे आहात, असे त्यांना विचारतात. तो परत येईल असे आश्वासन ते देतात, तारीख मात्र सांगत नाहीत. शिष्य यरुशलेमेस परततात आणि प्रार्थनेला लागतात. ‘केव्हा?’ या प्रश्नाला नव्या कराराने दिलेले उत्तर एवढे स्पष्ट आहे.

थेस्सलनीका येथील मंडळीत याचा पहिला कस लागला. तिच्यापासून प्रभूचे वचन मासेदोनिया व अखया प्रांतांत गाजले आणि तिचे लोक देवाच्या पुत्राची वाट पाहत आहेत, अशी शाबासकी प्रेषित पौलाने तिला लिहिलेल्या पहिल्या पत्रात दिली. दुसऱ्या पत्रात सूर बदलतो. प्रभूचा दिवस येऊन ठेपला आहे, असे कोणी सांगितले किंवा आमच्या नावाचे पत्र दाखवले तरी गडबडून जाऊ नका, असे त्याला लिहावे लागले. काही जण कामधंदा सोडून इतरांच्या भानगडीत वेळ घालवत होते. त्यांनी निवांतपणे काम करून स्वतःची भाकर खावी, अशी ताकीदही त्याने दिली.

अंतकाळाच्या तर्कवितर्कांनी सुवार्ताप्रसार थांबवल्याचे एक ठळक उदाहरण अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये सापडते. महान आज्ञा फक्त प्रेषितांसाठी होती, असे मानणारे पाळक तेव्हा पुष्कळ होते. प्रकटीकरणातील दोन साक्षीदार मारले जाणे व इतर भविष्ये पूर्ण होणे अद्याप बाकी आहे, म्हणून दूरच्या राष्ट्रांच्या परिवर्तनाची वेळ आलेली नाही, असाही युक्तिवाद केला जाई. बॅप्टिस्ट पाळक विल्यम कॅरी याने १७९२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत दोन्ही मुद्दे खोडले. आज्ञा प्रेषितांपुरती असेल तर बाप्तिस्माही त्यांच्यापुरताच ठरतो, आणि युगाच्या समाप्तीपर्यंत सोबतीचे अभिवचनही. देवाचे गुप्त संकल्प आपल्या कर्तव्याचे माप होऊ शकत नाहीत. तसे असते तर त्या लोकांसाठी प्रार्थना करणेही चूकच ठरले असते, असे त्याने दाखवले. कॅरी १७९३ मध्ये बंगालला आला आणि पुढे तेथील श्रीरामपूरच्या छापखान्यातून अनेक भारतीय भाषांत बायबल निघाले, मराठीतही. या विषयावरचे इतके नेमके उत्तर नंतरच्या काळातही क्वचितच दिले गेले आहे.

उलट दिशेचे उदाहरण अमेरिकेतील विल्यम मिलर (१७८२–१८४९) याचे. न्यूयॉर्क राज्यातील हा शेतकरी दानीएल ८:१४ मधील २,३०० दिवस म्हणजे तितकी वर्षे मानून, इ.स.पू. ४५७ पासून मोजत, ख्रिस्त १८४३ च्या सुमारास परत येईल या निष्कर्षावर येऊन ठेपला. तो प्रामाणिक होता, आणि त्याच्या उपदेशाने हजारो लोक पश्चात्तापाकडे वळले, हे नाकारता येत नाही. पण त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली, तेव्हा संदेशाचा भार ख्रिस्तावरून सरकून पंचांगावर आला. काहींनी पिके काढायची तशीच शेतात ठेवली. तो दिवस गेला. त्याला ‘महानिराशा’ हे नाव पडले. पुष्कळांनी श्रद्धाच सोडली. काहींनी नव्याने शास्त्राभ्यास केला व त्यातून १८६३ मध्ये सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट मंडळी संघटित झाली. मिलरवादी पांढरे झगे घालून वाट पाहत बसले, ही लोकप्रिय कथा मात्र विश्वसनीय पुराव्यावर टिकत नाही.

पुढेही तारखा येत राहिल्या. दक्षिण कोरियात २८ ऑक्टोबर १९९२ हा संतजन, म्हणजे ख्रिस्ताचे विश्वासणारे, स्वर्गात उचलले जाण्याचा दिवस म्हणून जाहीर झाला होता. अमेरिकी रेडिओवक्ता हॅरॉल्ड कॅम्पिंग याने २१ मे २०११ व नंतर २१ ऑक्टोबर २०११ सांगितला. मोठमोठे फलक लागले, काहींनी त्यांवर आयुष्याची बचत घातली. मार्च २०१२ मध्ये त्याने आपली चूक जाहीरपणे मान्य केली. अशा प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या मनातून उतरते ती निव्वळ तारीख नसते. तिच्याबरोबर सुवार्ताही उतरते, आणि हे नुकसान फार मोठे आहे.

तरीही ख्रिस्ताच्या येण्याची उत्कंठा आणि सुवार्ताप्रसार यांचे वैर नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील अनेक मिशनरी, चायना इनलंड मिशनचा संस्थापक हडसन टेलर यांपैकीच, प्रभू कधीही येईल या विश्वासाने घराबाहेर पडले. वाद आहे तो मत्तय २४:१४ विषयी. राज्याची सुवार्ता सर्व जगात गाजवली जाईल, मग शेवट येईल, असे ते वचन सांगते. काहींनी ते अट म्हणून वाचले: काम पुरे केले की राजा परत येतो. सुवार्ता १९०० पर्यंत, मग २००० पर्यंत सर्वत्र पोहोचवायची, अशी लक्ष्ये त्यामुळे ठरली. त्यांतून सुवार्ता न पोहोचलेल्या लोकसमूहांकडे लक्ष गेले, हा मोठा लाभ. पण सुवार्ता सर्व सृष्टीत गाजवली गेली आहे, असे पौल कलस्सैकरांस पत्रातच (१:२३) म्हणून गेला होता. काम कोणत्या क्षणी ‘पुरे’ झाले हे माणसाने ठरवावे, याला शास्त्रात आधार दिसत नाही. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (३:९) विलंबाचे कारण वेगळेच दिले आहे: कोणाचाही नाश व्हावा अशी देवाची इच्छा नाही, म्हणून तो धीर धरतो.

वेगवेगळ्या पंथांत प्रकटीकरणात सांगितलेल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याविषयी मतभेद असले तरी कर्तव्याविषयी बरेच एकमत आहे. १९७४ मध्ये जगभरच्या इव्हँजेलिकल ख्रिस्ती नेत्यांच्या परिषदेत झालेल्या लोझान करारनाम्याने ख्रिस्ताचे स्वर्गारोहण व पुनरागमन यांमधला काळ देवाच्या लोकांच्या मिशनकार्याने भरायचा आहे, असे म्हटले. पुढच्याच वर्षी पोप पॉल सहावे यांनी सुवार्ताप्रसार ही चर्चची खरी ओळख असल्याचे लिहिले. व्यवहारात फरक पडतो तो बोलण्याच्या रीतीत. मुलाच्या आजारपणाने किंवा युद्धाच्या बातम्यांनी धास्तावलेल्या माणसाला अंतकाळी येणारा ख्रिस्ताचा शत्रू, म्हणजे ख्रिस्तविरोधी, कोण असेल याची यादी ऐकवली, तर त्याची भीती तेवढी वाढते. ख्रिस्त त्याच्यासाठी मेला व उठला हे त्याला सांगितले, तर सुवार्ता सांगितली असे होते. तुमच्या आशेविषयी विचारणाऱ्याला उत्तर देण्यास नेहमी सिद्ध असा, पण ते सौम्यतेने द्या, असे पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:१५) छळ सोसणाऱ्या मंडळ्यांना सांगितले आहे.