मर्क्युरी १३

अंतराळवीरांसाठीच्या वैद्यकीय चाचण्या १९६०-६१ मध्ये उत्तीर्ण होऊनही अंतराळात जाऊ न शकलेल्या तेरा अमेरिकी महिला वैमानिकांचा गट. हे नाव बऱ्याच उशिरा रूढ झाले. हा नासाचा अधिकृत कार्यक्रम होता, असे अनेकदा लिहिले जाते. ते खरे नाही.

नासाच्या मर्क्युरी या पहिल्या मानवी अंतराळ प्रकल्पातील पुरुष उमेदवारांची तपासणी डॉ. रँडॉल्फ लव्हलेस यांच्या ॲल्बुकर्की येथील क्लिनिकमध्ये झाली होती. त्याच चाचण्यांत स्त्रिया कितपत टिकतात, हे पाहायचे त्यांनी स्वतःहून ठरवले. फेब्रुवारी १९६० मध्ये वैमानिक जेरी कॉब यांची तपासणी झाली आणि त्या उत्तीर्ण झाल्या. पुढच्या उमेदवारांचा खर्च ध्वनिवेग ओलांडणाऱ्या पहिल्या महिला वैमानिक जॅकलिन कॉकरन यांनी उचलला. चाचण्या साध्या नव्हत्या. कानात बर्फासारखे थंड पाणी सोडले जाई. त्याने तोल जाऊन सगळे गरगरू लागे आणि उमेदवार किती वेळात सावरते, याची नोंद होई. जठररस काढण्यासाठी रबरी नळी गिळावी लागे. कॉब तर पुढच्या टप्प्यात अंधाऱ्या, निःशब्द टाकीतल्या पाण्यात नऊ तासांहून अधिक काळ तरंगत राहिल्या.

सप्टेंबर १९६१ मध्ये बाकीच्या जणी पेन्साकोला येथील नौदल तळावर जाणार होत्या. काहींनी त्यासाठी नोकऱ्या सोडल्या होत्या. ऐनवेळी तार आली : चाचण्या रद्द. नासाची मागणी नसताना नौदल आपली यंत्रसामग्री द्यायला तयार नव्हते.

खरी मेख निवडीच्या नियमात होती. उमेदवाराला लष्करी जेट विमानांच्या चाचणी-उड्डाणांचा अनुभव हवा होता आणि लष्करात जेट चालवायला स्त्रियांना मुळात बंदी होती. जुलै १९६२ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या उपसमितीपुढे कॉब आणि गटातल्याच जेनी हार्ट यांनी हीच अडचण मांडली. पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले अमेरिकी अंतराळवीर जॉन ग्लेन यांनी नियमांची पाठराखण केली. गंमत म्हणजे निवडीच्या वेळी त्यांच्याकडेही नियमानुसार लागणारी पदवी नव्हती. कॉकरन यांनीही घाई नको, असाच सूर लावला. वर्षभरात, १६ जून १९६३ रोजी, सोव्हिएत संघाच्या व्हॅलेंतिना तेरेश्कोवा अंतराळात पोहोचल्या. नासाने स्त्रियांची निवड केली ती १९७८ मध्ये, आणि नासाच्या स्पेस शटल यानाची पहिली महिला वैमानिक आयलीन कॉलिन्स १९९५ मध्ये उडाली.

ग्लेन १९९८ मध्ये ७७ व्या वर्षी पुन्हा अंतराळात गेले. तशीच संधी कॉब यांना मिळावी, ही मागणी फळली नाही. तेरा जणींपैकी वॉली फंक मात्र जुलै २०२१ मध्ये, ८२ व्या वर्षी, खाजगी यानातून काही मिनिटांची झेप घेऊन आल्या आणि सर्वांत वयस्कर अंतराळप्रवासी हा ग्लेन यांचा विक्रम त्यांनी मोडला. तो त्यांच्याकडे तीन महिनेही टिकला नाही. ऑक्टोबरमध्ये नव्वदीतले अभिनेते विल्यम शॅटनर त्यांच्या पुढे गेले.