केक गोरा का राहिला?

शेजारच्या वहिनींनी दसऱ्याला कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह घेतला आणि पहिल्याच रविवारी रव्याचा केक केला. सहा मिनिटांत झाला म्हणून कौतुकाने बशी घेऊन आल्या. केक शिजला होता, जाळीही छान पडली होती, पण रंग ढोकळ्यापेक्षा फिका. "भाऊजी, मशीनच खराब लागलंय का हो? दुकानदार म्हणाला होता, बेकरीसारखा केक होतो."

मशीन ठणठणीत होतं. वहिनींनी बटण मायक्रोवेव्हचं दाबलं होतं, कन्व्हेक्शनचं नाही. पुष्कळांना वाटतं की ही एकाच उष्णतेची दोन नावं आहेत. प्रत्यक्षात त्या पेटीत दोन बिऱ्हाडं राहतात आणि दोघांच्या चुली वेगळ्या आहेत.

पहिलं बिऱ्हाड मॅग्नेट्रॉनचं, म्हणजे लहरी तयार करणाऱ्या नळीचं. ही नळी रडारची. 1940 साली बर्मिंगहॅम विद्यापीठात रँडल आणि बूट यांनी तिचं ताकदवान रूप घडवलं. पुढे 1945च्या सुमारास अमेरिकेत पर्सी स्पेन्सर या अभियंत्याच्या खिशातली चॉकलेटची वडी तिच्याजवळ वितळली, ही गोष्ट सगळ्यांनी ऐकलेली असते. घरातल्या ओव्हनमध्ये ही नळी सेकंदाला 245 कोटी आवर्तनांच्या लहरी सोडते. आणि इथे मला थोडं रेंगाळायचंय, कारण याबद्दल शिकलेले लोकही ठासून चुकीचं सांगतात: "पाण्याचा रेणू नेमका याच वारंवारतेला थरथरतो, म्हणून ती निवडली."

तसं नाही. पाण्याच्या रेणूची एक बाजू किंचित धन, दुसरी किंचित ऋण असते. लहरीतल्या विद्युत क्षेत्राची दिशा बदलली की रेणू तिकडे तोंड करू पाहतो. गच्च भरलेली लोकल डोळ्यांसमोर आणा. घोषणा होते, फलाट उजवीकडे. सगळे उजवीकडे वळू लागतात. तेवढ्यात घोषणा, फलाट डावीकडे. वळताना कोपर लागतात, पाय तुडवले जातात, डबा तापतो. रेणूंना ही घोषणा सेकंदाला 490 कोटी वेळा ऐकावी लागते, कारण एका आवर्तनात दिशा दोनदा उलटते. वळताना ते शेजाऱ्यांशी धडकतात, म्हणून क्षेत्राच्या जरासे मागे पडतात. हे मागे पडणं म्हणजेच उष्णता. रेणू क्षेत्राबरोबर तंतोतंत वळले असते, तर जेवण गारच राहिलं असतं.

खोलीच्या तापमानाला पाण्याच्या या मागे पडण्यापायी लहरींच्या ऊर्जेचा तोटा सर्वाधिक होतो तो याच्या सात-आठ पट वारंवारतेला. ती का नाही वापरली? कारण मग सगळी ऊर्जा वरच्या पातळ थरातच संपली असती. 245 कोटीला पाणी जरा कमी हावरट असतं, त्यामुळे लहरी अन्नात दोन-तीन सेंटिमीटर तरी शिरतात. शिवाय हा पट्टा दळणवळणाला अडथळा नको म्हणून अशा यंत्रांसाठी राखून ठेवलेला आहे. आणि लहरी दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात, म्हणजे 'मायक्रोवेव्ह आतून बाहेर शिजवतो' हेही खोटं. बटाट्याचा गाभा शेवटी आजूबाजूच्या गरम भागाकडून उष्णता घेऊनच शिजतो.

बर्फात तर ही गाडी इतकी खचाखच असते की कोणाला मानही वळवता येत नाही. म्हणून बर्फ लहरी जवळजवळ शोषतच नाही. फ्रीझरमधला ओल्या खोबऱ्याचा गोळा पूर्ण ताकदीवर ठेवून बघा. कडेला थेंबभर पाणी सुटतं, ते पाणी सगळ्या लहरी गट्ट करतं, कड उकळून निघते आणि मधला भाग दगड. डीफ्रॉस्टचं बटण म्हणूनच थांबत थांबत चालतं: जरा तापव, मग उष्णता आत झिरपू दे.

आता वहिनींचा केक. पोळीवरचे डाग, परतलेल्या कांद्याचा बदामी रंग, बेकरीचा वास, हे सगळं ज्या रासायनिक क्रियांतून येतं त्यांना साधारण 140 अंशांच्या वर जावं लागतं. पाणी असेपर्यंत पदार्थ 100च्या आसपासच अडकतो. त्यात पेटीतली हवा थंड आणि आतून येणारी वाफ पृष्ठभाग ओला ठेवते. रंग येणार कुठून?

तिथे दुसरं बिऱ्हाड लागतं: मागची तापणारी कॉइल आणि तिच्यापुढचा पंखा. अन्नाभोवती स्थिर हवेचा पातळ थर पांघरुणासारखा बसतो आणि उष्णता अडवतो. पंखा तो उडवतो. बशीतल्या चहावर फुंकर मारतो तेच, फक्त उलट्या दिशेने. म्हणून साध्या ओव्हनसाठी 200 अंश लिहिलेलं असेल तर इथे 180 पुरतात. एअर फ्रायर नावाने जे विकलं जातं, तेही याच तत्त्वाचं आटोपशीर भावंड. 'तेलाविना तळण' वगैरे जाहिरातीची भाषा झाली; ते भाजणंच आहे.

भांड्यांचा घोळ इथूनच सुरू होतो. स्टील किंवा अल्युमिनियम लहरी परतवतं, म्हणून मायक्रोवेव्हमध्ये बाद. कन्व्हेक्शनमध्ये मात्र अल्युमिनियमचा डबा उत्तम. प्लास्टिकचं नेमकं उलट. मी एकदा नानकटाई काढून लगेच 'मायक्रोवेव्ह सेफ' डब्यात भात गरम करायला ठेवला. पेटी अजून दीडशेच्या वर तापलेली. भात कोमट, डब्याचं बूड मात्र फिरत्या काचेला चिकटलेलं. ते दोन दिवस खरवडत होतो. बोरोसिलिकेट, म्हणजे उष्णता सोसणारी काच दोन्हीकडे चालते.

विकत घेताना मेनूंची संख्या बघू नका. तीनशे म्हणजे वेळ आणि तापमानाच्या त्याच त्या जोड्या. आपला केकचा डबा काचेवर अडखळल्याशिवाय फिरतो का, ते दुकानातच टेप लावून बघा. आणि घरातला प्लग बघा: कन्व्हेक्शन दोन हजार वॉटच्या पुढे सहज जातं, 6 अँपिअरचा साधा प्लग 1380 वॉटलाच हात टेकतो. 16 अँपिअरचा हवा. नुसतं जेवणच गरम करायचं असेल तर साधा मायक्रोवेव्ह घ्या, पैसे वाचवा.

'मायक्रोवेव्हमधलं अन्न मृत होतं, त्यात किरणं राहतात' असा मजकूर आमच्या नातेवाइकांत दर चातुर्मासात फिरतो. समईच्या उजेडाच्या एका फोटॉनमध्ये, म्हणजे ऊर्जेच्या सगळ्यात छोट्या पुडीत, मायक्रोवेव्हच्या फोटॉनच्या सुमारे 2 लाख पट ऊर्जा असते. देवापुढचा नैवेद्य त्या उजेडाने बिघडत नाही ना? जपायचंच तर काचेच्या गुळगुळीत पेल्यात तापवलेल्या पाण्याला जपा. ते कधी कधी न उकळताच 100च्या वर जातं आणि चमचा घालताच अंगावर उसळतं.

पुढच्या रविवारी वहिनींनी ओव्हन आधी तापवून 170 अंशांवर केक लावला. चाळीस मिनिटं लागली. वरून खरपूस, तांबूस.

"इतका वेळ? मग त्या मायक्रोवेव्हच्या बटणाचा उपयोग काय?"

"कालची आमटी."